चार बोटं पुढची सीट

“साहेब, ही गाडी चोरीची आहे. आणि चोर तुम्ही आहात.”

वटारच्या वाडीत केळींमधल्या मोकळ्या जागेत टेबलं मांडली होती. चौदा जुन्या गाड्या ओळीनं उभ्या. मुंबईहून आलेली जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी ग्लास घेऊन साहेबांचं भाषण ऐकत होती. साहेबांचा हात आपल्या तांबड्या मॉरिस मायनरच्या बॉनेटवर होता. सॅन्टननं ते भाषण मधेच तोडलं.

सॅन्टन निर्मळचा गॅरेजवाला. वाटेत एखादी गाडी तापली तर हाताशी असावा म्हणून क्लबनं त्याला विरारपासून बरोबर घेतलं होतं. साहेबांना त्यानं विरारलाच ओळखलं. बारा वर्षांपूर्वी ते इथल्या पोलीस चौकीचे मोठे साहेब होते. साहेबांनी त्याला ओळखलं नाही. कशाला ओळखतील!

सॅन्टनच्या बापाकडे, थॉमसकडे, पांढरी मॉरिस होती. निर्मळच्या किती नवऱ्या त्या गाडीतून चर्चला गेल्या. एक्याण्णव साली ‘कागद तपासायचेत’ म्हणून ती चौकीवर नेली. थॉमस कागद घेऊन गेला, तर कागदही ठेवून घेतले. मग दर सोमवारी खेप. त्र्याण्णवच्या मार्चात, ईस्टरआधीच्या उपवासकाळात याच साहेबांनी सांगितलं, “बाबा, ती भंगारात गेली. येऊ नका आता.” गाडी उभी करायच्या रिकाम्या छपराखाली थॉमसनं मरेपर्यंत कुणाला केळीचा एक घड ठेवू दिला नाही.

आज दुपारी विरारला चहासाठी गाड्या थांबल्या, तेव्हा साहेबांच्या बाईंनी सॅन्टनला हाक मारली.

“दादा, ही सीट जरा मागे होते का बघा ना. गुडघे दुखून आले. हे म्हणतात, इंग्रज बुटके होते!”

सॅन्टन हसत वाकला. गालिचा उचलला आणि त्याचं हसू गेलं. सीटच्या मागे चार बोटांवर चार जुनी भोकं, लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवलेली. मागे बसलेल्या नवरीचा झगा चुरगळू नये म्हणून थॉमसनं सीट पुढे घेतली होती, सॅन्टनच्या बहिणीच्या, क्लेमेंटीनच्या लग्नाआधी. पाना सॅन्टननंच धरला होता. साहेबांनी रंग बदलला, नंबर बदलला. सीट तेवढी राहिली.

“नाही होत मागे,” तो म्हणाला.

वटारला जेवण क्लेमेंटीनच्याच हातचं होतं. सॅन्टननं चुलीपाशी जाऊन तिला सांगितलं.

ती उठली नाही. “खात्री हाय तुला?”

“बाय, तुझ्याच झग्यासाठी पाडलेली भोकं ती.”

“मग इथं काय करतोस? जा, विचार त्याला. सगळ्यांसमोर विचार.”

आता सगळे साहेबांकडे बघत होते.

“काय रे, किती प्यायलास?” साहेब हसले. “माझ्याकडे कागद आहेत.”

“असणारच. आमचेपण तुमच्याकडेच आहेत.”

कुणीतरी खुसकन हसलं. साहेबांचं तोंड गाडीसारखं तांबडं झालं. “चल गं, निघू या,” ते बायकोवर खेकसले आणि आत बसून किल्ली फिरवली. गाडी नुसती घरघरली.

“चालू होणार नाय, साहेब. इंजिनातला रोटर काढलाय. माझ्या खिशात हाय. जवाब द्या आणि घेऊन जा.”

क्लबचे सेक्रेटरी पुढे आले. “अरे भाई, आपण आधी जेवून घेऊ. कोंबडीचं इंदेल थंड होतंय.”

क्लेमेंटीननं वाढायला घेतलेला डाव परत पातेल्यात टाकला, वर झाकण ठेवलं आणि हात बांधून उभी राहिली. “आज जेवन नंतर.”

साहेबांच्या बाई अजून गाडीबाहेरच होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “अहो, ब्याण्णवच्या गणपतीत आणलीत ना तुम्ही ही?”

“तू गप्प बस!”

सॅन्टन खिडकीपाशी गेला. त्याचा आवाज चढला नाही.

“म्हणजे गणपतीपासून गाडी तुमच्या दारात होती. मग पुढचे सात महिने, दर सोमवारी, माझ्या बापाला चौकीच्या बाकावर का बसवून ठेवलंत? गाडी ऱ्हाऊ द्या, साहेब. याचा जवाब द्या.”