तुळसाच्या मिरच्या

पोलादपूरजवळच्या वाडीत तुळसाने परसात नऊ जातींच्या मिरच्या लावल्या होत्या. लवंगी, पांढरी, बोराएवढी गोल, आभाळाकडे तोंड करून लागणारी. पोटातल्या जखमेमुळे महाडच्या डॉक्टरांनी तिखट बंद केलं, तरी १९७३ च्या दुष्काळी उन्हाळ्यात ती झाडांसाठी ओढ्यावरून कळशा वाहतच होती. एका सकाळी चढणीवर तिला धाप लागली आणि परसात पोचताच ती मटकन खाली बसली.

“आत्या, तुमाला खायची नाय, मग कशाला मरता?” सून मैना म्हणाली.

“माझं तिखट बंद झालं गो. झाडांचं पानी कसं बंद करू?”

मैनाने कळशी उचलली. तिने धबाधबा पाणी ओतलं, तशी रोपांची मुळं उघडी पडली. तुळसाला ते दिसलं. पण सांगायचं त्राण नव्हतं. तिने पाय लांब केले आणि धाप ओसरेपर्यंत डोळे मिटून घेतले.