दोन रुमालांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण शाळेची पायरी काही मी चढलो नाही. सुताराने मला कपाटाच्या उरलेल्या फळीतून कापलं, काळा रंग फासला आणि पुस्तकं व सिनेमाच्या सीडी भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या दाराशी टांगलं.

दुकान काकूंचं. रोज सकाळी त्या माझ्यावर एका पुस्तकाचं किंवा सिनेमाचं नाव लिहीत आणि त्याखाली रुमाल! एक रुमाल म्हणजे डोळे पाणावतील, दोन म्हणजे घळाघळा रडाल. राजाराणीच्या गोष्टींना त्या अर्धाही देत नसत. एका सिनेमात तर काहीच घडत नाही. नवरा दूध आणायला जातो, त्याला उशीर होतो, बायको खिडकीत उभी राहते, बस्स. त्याला मात्र तीन! "रोजचं प्रेमच खरं रडवतं," असं त्या म्हणत. लोक माझ्यासमोर थांबत, वाचत आणि आत शिरत. मी काय फुशारून जायचो म्हणून सांगू!

एकदा समोर एका शिंपीकाकांनी नवं दुकान थाटलं. दुसऱ्याच दिवशी ते आले आणि त्यांनी घडी घातलेले दोन रुमाल काकूंपुढे ठेवले.

"माप लिहिलं नव्हतं तुम्ही, अंदाजानेच शिवले."

काकूंना काही कळेना. मग माझ्यावरची 'दोन रुमाल' ही अक्षरं दिसली आणि त्या हसत सुटल्या. "अहो, ती ऑर्डर नाही! पुस्तक किती रडवतं ते लिहिलंय."

"अरे देवा! मग यांचं काय करू?"

"घरी न्या, आणि हे पुस्तकही न्या. एक रुमाल तुमचा, एक वहिनींचा."

शिंपीकाकांचा चेहरा उतरला. "लेक लग्न होऊन गेल्यापासून आमच्यात 'जेवलात का' आणि 'दार लावा' एवढंच बोलणं उरलंय."

"मग वाचून दाखवा. बोलायचं काय, ते पुस्तक बघेल."

काही दिवसांनी वहिनी स्वतःच आल्या. "दुसरं द्या बाई. यांचा आवाज इतका छान आहे, हे मला आत्ता कळतंय!" तेव्हापासून दोघं जोडीने येत आणि माझ्यासमोर भांडत. काका म्हणत दोन रुमाल, वहिनी म्हणत, "छे, जेमतेम दीड!" ते पहिलं पुस्तक तर काकूंनी त्यांना देऊनच टाकलं.

पुढे काय बघावं, काय वाचावं, ते लोकांना फोनच सांगू लागला. काकू थकल्या, दुकान बंद करून भाचीकडे राहायला गेल्या. मला जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मित्रांनो, इतकी नावं पोटात असताना कुणी विचारायला नसणं फार वाईट. मी अगदी एकटा पडलो.

एक दिवस कुणीतरी माझ्यावरची जळमटं काढली. शिंपीकाका होते. वहिनी देवाघरी गेल्या होत्या. "चल बाबा, तुलाही कुणी नाही, मलाही नाही," असं म्हणत त्यांनी मला आपल्या दुकानात टांगलं. कितीतरी दिवस मी कोराच होतो आणि काका खाली मान घालून शिवत बसत. मला तोंड असतं तर मीच काही सुचवलं असतं.

मग एका सकाळी त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि त्याच पहिल्या पुस्तकाचं नाव माझ्यावर लिहिलं. खाली लिहिलं, 'एक रुमाल'.

कपडे न्यायला आलेली एक मुलगी म्हणाली, "एकच? म्हणजे ठीकठाकच दिसतंय."

"नाही गं, पुस्तक दोनाचंच आहे," काका म्हणाले. "आता घरात रुमाल एकालाच लागतो."

ती मुलगी स्टूल ओढून बसली. "द्या ना मला वाचायला. आणि वाचून झालं की भांडायला येऊ का?"

काकांनी मान डोलावली, पुस्तक तिच्या हाती दिलं आणि खिशातला रुमाल काढला.

मित्रांनो, मला रंग लावला नाहीत तरी चालेल. पण एखादं पुस्तक, एखादा सिनेमा मनाला लागला, तर तो मनात कोंडून ठेवू नका, कुणाला तरी जाऊन सांगा. आणि कुणी तुम्हाला सांगायला आलं, तर घटकाभर बसून ऐका. ती मुलगी अजून परत आलेली नाही. आम्ही दोघं दाराकडे बघत बसलोय.