जुन्या गावची शीव

मला कुणी सायकलीचं कौतुक सांगू नका. टाळकं फिरतं माजं.

धरणात आमचं गाव बुडालं त्येला चार वर्सं झाली हुती. सगळा गाव रामनगरला उठून गेला, आमी दोघं भाऊ तेवढं वरच्या डोंगराला ऱ्हायलो. मे महिन्यात पाणी आटलं की खालचं सगळं उघडं पडायचं. गवताची काडी न्हाई. नुसती भेगाळलेली माती, वाळकी खोडं आनि मधनं आमचा जुना गाडीरस्ता.

त्या दिवशी वारं पिसाळल्यागत सुटलं हुतं. धाकटा झिलू लाकडाला गेला, तितं त्येच्या पोटरीला घोणस चावली. लंगडत घरी येईस्तवर दुपार झाली. बस सकाळीच गेलेली. डांबरी रस्त्यानं गणेशगुडीचा दवाखाना लई लांब, धरणाच्या तळातनं गेलं तर निम्मी वाट. त्येची बायको फुला, तिनं त्येला माज्या सायकलीच्या कॅरेजवर बशिवलं, आपल्या लुगड्यानं माज्या पाठीला बांधलं. म्हणाली, "भावजी, कुठं थांबू नका."

"न्हाई थांबत," मी म्हटलं.

वारं समोरनं. धुळीनं डोळं उघडंनात. दात-ओठ खात पायडल मारत हुतो. झिलूच मागनं सांगायचा, "अण्णा, डावीकडं घे, खोड हाय." चांगला शुद्धीवर हुता हो!

मग जुन्या गावची शीव आली. तितनं देवळापातूर आमच्यात कुणी गाडीवर बसून जात न्हाई. नवरदेव असू दे न्हाईतर मामलेदार. उतरायचं, चपला हातात घ्यायच्या, चालायचं. माजं पाय आपसूक टेकलं. देव कोपला तर भाऊ हातचा जाईल, येवडंच डोसक्यात. लुगडं सोडलं, झिलूला सीटावर पालथा बांधला, चपला हँडलला अडकवल्या आनि ढकलाय लागलो.

"अण्णा, देव हितं न्हाई रे," झिलू म्हणाला. "बस. दामट."

"गप! शिवंत असलं बोलतोस?" मी खेकसलो.

अर्धा मैल अनवाणी चाललो, तापल्या मातीत. शिवंपासनं रस्ता वळला हुता, वारं आता पाठीमागनं लागलं हुतं. नुसता बसलो असतो तरी सायकल पळाली असती. देवळाच्या चौथऱ्यापाशी हात जोडले आनि वर बघितलं. चौथऱ्यावर गाळ. चार वर्सामागं मीच तो देव मांडीवर घेऊन टरकातनं रामनगरला नेला हुता. तवा टरकात झिलू माज्या शेजारीच बसलेला.

"झिलू, ऊठ, बस मागं," म्हणत वळलो. त्येच्या नाकातनं रक्त आलं हुतं. हाक मारली, हलवलं, थोबाडीत मारली. काय न्हाई. माजा भाऊ तितंच गेला, रिकाम्या देवळाच्या दारात.

फुलानं मला आजपातूर बोल लावला न्हाई. दहाव्या दिवशी येकदाच विचारलं, "भावजी, शेवटाला काय बोलले हो?"

"वाऱ्यात ऐकू आलं न्हाई," मी म्हटलं.