मूळ दाखला

ही गोष्ट दोन हजार तेवीसच्या जुलैमधली. त्या वर्षी भूकंपाला तीस वर्षं व्हायची होती, म्हणून साल पक्कं ध्यानात राहिलं.

सास्तूरच्या लक्ष्मम्मा जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांच्या त्या बाई. घरात त्या आणि त्यांची नात वर्षाराणी, दोघीच. वर्षाराणी बारावी विज्ञान पास झाली होती. तिला बीसीए करायचं होतं आणि तेही धाराशिवच्या कॉलेजात. तिथले संगणक चालू असतात, हे तिनं दोन मैत्रिणींकडून खात्री करून घेतलं होतं.

आमच्याकडं आंबे संपत आले की सर लोक दारात यायला लागतात. कॉलेजं फार झाली, पोरं पुरत नाहीत. मग संस्था प्राध्यापकांना गावं वाटून देते आणि ते घरोघर हिंडून विद्यार्थी गोळा करतात. सास्तूर गुरुलिंगच्या वाट्याला आलं होतं. आठ किलोमीटरवरच्या कॉलेजात तो तासिकेवर समाजशास्त्र शिकवायचा. येताच तो बाईंच्या पाया पडला.

“बाई, ओळखलं का?”

“न ओळखायला काय झालं? नाक पुसायला शिकलास वाटतं.”

गुरुलिंग खळखळून हसला. चहा झाला. मग त्यानं पिशवीतून रंगीत कागद काढला. “बीसीए आमच्याकडं बी हाय की बाई. बीबीए हाय, समाजशास्त्र हाय, अर्थशास्त्र हाय. पोरीला लांब कशाला धाडता?”

“मी धाराशिवच्या यादीची वाट बघतेय, सर,” वर्षाराणी आतून म्हणाली.

“बघ की. कोण नको म्हणतंय? बाई, नुसती पडताळणी करायचीय. मूळ दाखला अन् गुणपत्रिका द्या, दोन दिवसांत आणून देतो.”

वर्षाराणीनं दारातून मान हलवली. नको, नको. लक्ष्मम्मांनी ते पाहिलं आणि तरी ट्रंक उघडली. कागद दिले. पालक म्हणून कोऱ्या अर्जावर सहीसुद्धा केली. आपण शिकवलेलं लेकरू दारात आलंय, त्याच्यावर संशय घ्यायचा? आणि लेकरू तरी कोणतं! भूकंपात शाळा कोसळली तेव्हा ह्याच बाईंनी चार दिवस दगडमाती उपसून शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बाहेर काढलं होतं. पानं चिकटली होती. पत्र्याच्या शाळेत, उन्हात, एकेक पान सोडवून त्यांनी पोरांच्या जन्मतारखा नव्या वहीत उतरवल्या. त्यात दुसरीतला गुरुलिंग होता. त्याच्या पुढच्या सगळ्या पदव्या त्या एका ओळीवर उभ्या होत्या.

दोन दिवसांचे वीस झाले. धाराशिवची यादी लागली आणि तिच्यात वर्षाराणीचं नाव आलं. मूळ दाखला जमा करायला तीन दिवस. गुरुलिंगचा फोन बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी त्याच्या कॉलेजकडं निघाल्या.

“अव्वा, तूच दिलास,” वर्षाराणी वाटेत आजीला एवढंच म्हणाली.

लक्ष्मम्मा संतापल्या. नातीवर नाही, स्वतःवर. जन्मभर आपण आयाबायांना सांगत आलो, की दाखला कुणाच्या हाती देऊ नका, आणि एका नमस्काराला भुललो!

कॉलेजच्या फाटकाशी जीपगाड्या उभ्या होत्या. गावागावांतून आणलेली पोरं उतरत होती. एक शिपाई त्यांच्या गळ्यात ओळखपत्रं अडकवत होता. प्राचार्य योगीराज नवा सदरा घालून व्हरांड्यात येरझारा घालत होते.

“आजच आलात का?” ते म्हणाले. “आज विद्यापीठाची कमिटी आहे. शिवाय तुमच्या मुलीचा प्रवेश झालाय. बीए, समाजशास्त्र. नाव विद्यापीठाकडं गेलं, आता रद्द होत नाही.”

“समाजशास्त्र?” वर्षाराणी ओरडली. “मी अर्जसुद्धा भरला नाही!”

“पालकांची सही आहे.”

कोपऱ्यात गुरुलिंग उभा होता. लक्ष्मम्मा त्याच्यापुढं जाऊन थांबल्या.

“बाई, आज नको,” तो हात जोडून म्हणाला. “वर्गात वीस पोरं भरली न्हायत तर माझा विषयच बंद करतेत. उद्या या, म्या सोत्ता काढून देतो.”

“उद्या तिचं नाव कटणार. आज शेवटचा दिवस आहे, ठाऊक आहे ना?”

गुरुलिंगनं मान खाली घातली. ठाऊक होतं तर!

कमिटीचे तीन लोक आले. लक्ष्मम्मा व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या. उठवायची कुणाची छाती झाली नाही. समाजशास्त्राच्या वर्गात तीस पोरं होती. कमिटी तिथून निघून चहाला थांबली, तेवढ्यात तीच तीस पोरं मागच्या दारानं बीबीएच्या वर्गात जाऊन बसली. तिथून संगणकाच्या खोलीत. एकतीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईला चेहरे कसे चुकावेत? त्या उठल्या आणि वर्षाराणीला घेऊन कमिटीच्या पाठोपाठ खोलीत शिरल्या. संगणकांवर प्लॅस्टिकची आवरणं होती. एकाचीही वायर भिंतीला जोडलेली नव्हती.

“तुझं नाव काय गं?” त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

“निखत.”

“काय शिकतेस?”

निखतनं प्राचार्यांकडं पाहिलं. मग बाईंकडं. “आता बीसीए. सकाळी समाजशास्त्र होतं. मधी दहा मिनिटं बीबीए.”

पोरं फिसकन हसली. लक्ष्मम्मा हसल्या नाहीत. कमिटीच्या मुख्य गृहस्थांकडं वळून त्या म्हणाल्या, “ऐकलंत?”

ते गृहस्थ चष्मा पुसू लागले. “बाई, आमचं काम इमारत आणि कागद बघायचं. बाकी आमच्या कक्षेत येत नाही.”

“पोरं तुमच्या कक्षेत येत नाहीत? मग कॉलेज कशाला काढता, गोदाम काढा की! पोती मोजा!” त्यांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. मग त्या दाराशी उभ्या असलेल्या गुरुलिंगकडं वळल्या. “आणि तू, गुरुलिंग! तुझं नाव मी ढिगाऱ्यातून काढलं. नखं निघाली होती माझी. आणि तू माझ्या नातीचं नाव कुलपात घातलंस. भूकंपानं तरी जाणूनबुजून केलं नव्हतं रे!”

योगीराज शिपायाला हाक मारत होते. गुरुलिंग बाहेर गेला. कार्यालयातून कपाट उघडल्याचा आवाज आला. तो परतला तेव्हा त्याच्या हातांत सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता.

“ठेव तो आत!” योगीराज गरजले. “उद्यापासून येऊ नकोस!”

गुरुलिंगनं गठ्ठा बाईंपुढं टेबलावर ठेवला. वर्षाराणीचा दाखला, त्याला टाचलेल्या गुणपत्रिकेसह, वरच होता. लक्ष्मम्मांनी तो तिच्या हातात दिला.

“दीडची एसटी आहे. पळ.”

“अन् तू?”

“बाई, माझा पण काढा ना,” निखत म्हणाली. तिच्या मागं आणखी दोघीतिघी उभ्या राहिल्या.

“तू हो पुढं,” लक्ष्मम्मा नातीला म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. सुतळी सोडली. मग एकेक दाखला उचलून, मोठ्यानं, हजेरीसारखी नावं पुकारू लागल्या.

वर्षाराणी पावणेपाचला धाराशिवच्या कॉलेजच्या खिडकीशी पोचली. खिडकी पाचला बंद व्हायची. प्रवेश झाला. पहिल्या सत्रात ती गणितात नापास झाली, दुसऱ्यात दोन्ही सत्रांचं मिळून सोडवलं. बीसीए पुरी केली आणि आता तिथंच ज्युनिअर मुलींचं प्रॅक्टिकल घेते. निखतनं उमरग्याला समाजशास्त्रच घेतलं, स्वतःच्या मर्जीनं. कमिटीनं अहवालात इमारत हवेशीर असल्याचं लिहिलं आणि तिन्ही अभ्यासक्रम चालू ठेवले. योगीराज संस्थेचे संचालक झाले. गुरुलिंगची नोकरी गेली. तो आता ईट गावी सासुरवाडीत दहावीच्या शिकवण्या घेतो. दर दिवाळीला बाईंना फोन करतो. बाई फोन उचलतात, कसा आहेस विचारतात, पण घरी ये म्हणत नाहीत.

लक्ष्मम्मा अजून सास्तूरलाच आहेत. जून लागला की सकाळपासून ओट्यावर बसतात. पिशवी घेतलेला कुणी सर गल्लीत शिरला की त्या बसल्या जागेवरून आवाज देतात, “झेरॉक्स द्या गं, नुसती झेरॉक्स!” आणि गल्लीभर ट्रंकांची झाकणं खाली पडतात.