दोन खुणांची पट्टी

मी बोलतेय, पिकअपच्या इंजिनातली तेल मोजायची पट्टी. गॅरेजवाले मला गेज म्हणतात, शिकलेले लोक डिपस्टिक म्हणतात, आणि ज्याच्या गाडीत मी सहा वर्षं काढली तो शेवटी मला खोटारडी म्हणाला. म्हणून आज तोंड उघडतेय. नाहीतर मला कुठली आलीय बोलायची हौस!

हातभर लांब पोलादी पट्टी, एका टोकाला पिवळी कडी आणि दुसऱ्या टोकाला दोन खुणा. तेल वरच्या खुणेपाशी असलं तर ठीक, खालच्या खुणेखाली गेलं तर धोका. माझं शिक्षण एवढंच. त्यापुढचं मला विचारू नये, आणि माझ्या तोंडून वदवून तर मुळीच घेऊ नये. पण माणसांना जे ऐकायचं असतं ते ती भिंतीकडूनही ऐकून घेतात, मी तर पट्टी.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जणी एका दिवसात जन्मल्या. एका चष्मेवाल्या बाईनं मला साच्यावर ठेवून खुणा ताडून पाहिल्या आणि ‘ही बरोबर आहे’ म्हणून बाजूला सारलं. त्यानंतर असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

माझा मालक फरशांची खोकी पोचवण्याचं काम करायचा. नवी कोरी डिझेल पिकअप, तिच्यावर त्याचा जीव. रोज सकाळी गाडी काढण्याआधी बॉनेट उघडायचा, मला ओढून काढायचा आणि खिशातल्या पांढऱ्या रुमालाला पुसायचा. इतर ड्रायव्हर हाताला लागेल त्या चिंधीनं पुसतात. ह्याला पांढराच रुमाल लागायचा, तोही बायकोनं घासघासून धुतलेला. पिकअपवाल्यांच्या स्टँडवर त्याला सगळे रुमालशेठ म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं.

पण हा माणूस माझ्या खुणा बघायचाच नाही! रुमालावरचा डाग उन्हात धरून रंग बघायचा. डॉक्टर जीभ बघतात तसा. पिवळा असला की खूश, तपकिरी असला की कपाळाला आठ्या. तेल किती आहे हे मी कंठशोष करून सांगत होते, आणि हा तेल कसं दिसतं ते बघत होता.

कंपनीची हमी संपली तेव्हा गाडी मेहुण्याच्या गॅरेजात आली. मेहुणा म्हणजे मालकाच्या बायकोचा धाकटा भाऊ. एका शटरचं गॅरेज, पण काय नीटनेटकं! भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. पाना जागेवर नसला की भिंतच सांगायची. गाडीच्या कप्प्यात पहिल्या दिवसापासून एक पुस्तिका पडून होती. तिच्यात मालकानं पेट्रोल पंपाच्या पावत्या ठेवल्या होत्या. मेहुण्यानं पावत्या बाजूला काढल्या आणि पुस्तिका वाचली. ती वाचणारा मी पाहिलेला हा पहिला आणि शेवटचा माणूस.

मग तो उलट्या बादलीवर बसून समोर मांडलेले तेलाचे चार डबे न्याहाळू लागला.

“एवढं काय बघतोस? सगळ्यांत मोठं इंजिन ज्याच्यावर छापलंय तो घे,” मालक म्हणाला.

“डबा पुढून नाही, मागून वाचायचा असतो दाजी,” मेहुणा हसला. “हे बघा, हे सिंथेटिक आहे, पण पेट्रोल गाडीचं. हे डिझेलचं आहे, पण तुमच्या इंजिनाला फार जाड. हे चौथं बरोबर. पाच डब्ल्यू तीस, हा जाडीचा आकडा, पुस्तिकेत लिहिलाय तोच. सकाळी थंड इंजिनात पटकन वर चढेल, आणि भर उन्हात चढावरही पाणी होणार नाही.”

“दुपटीनं महाग दिसतंय.”

“पहिल्यांदा माझ्याकडून. ताईच्या घरची गाडी आहे.”

त्यानं मालकासमोर डब्याचं सील फोडलं. ते तेल आत उतरलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इंजिनातही सुख असतं. ओतता ओतता मेहुणा म्हणाला, “दाजी, एक लक्षात ठेवा. डिझेलची गाडी आहे, नवी होती तेव्हा काजळी कमी होती, आता दोन-चार दिवसांत तेल काळं दिसेल. घाबरायचं नाही. आतली काजळी तेल स्वतःत उचलून घेतं, म्हणून काळं होतं. काळं झालं म्हणजे काम करतंय.”

मालक तेव्हा फोनवर होता. “चौथ्या मजल्यावर चढवून मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो!” असं कुणावर तरी खेकसत होता. मेहुण्याकडे बघून त्यानं नुसता हात हलवला, हो हो केलं.

मी ऐकलं. पण माझी साक्ष कोण काढतो?

पाचव्या दिवशी सकाळी रुमालावर काजळासारखा डाग उमटला. मालक बघतच राहिला. पुन्हा पुसलं, पुन्हा काळं. आता शहाण्या माणसानं काय करावं? ज्यानं तेल घातलं त्याला जाऊन विचारावं. हा गेला स्टँडवर. तिथे बुटक्या म्हणून एक ड्रायव्हर होता, सगळ्या गावाचं ज्ञान त्याच्याकडे. त्यानं रुमाल नाकाशी धरला आणि निकाल दिला.

“रुमालशेठ, हे जुनं तेल आहे. गाळतात आणि डब्यात भरतात. तुमचा मेहुणा पडला म्हणून आम्ही इतके दिवस गप्प होतो.”

आम्ही म्हणे! कुणालाही काही ठाऊक नव्हतं. पण ‘आम्ही’ म्हटलं की चार माना आपोआप हलतात, तशा त्या हलल्या.

मग गॅरेजात जे झालं ते मी बॉनेटखालून ऐकलं. मालकानं रुमाल मेहुण्याच्या तोंडासमोर नाचवला.

“हे काय आहे?”

“तेल आहे दाजी. मी सांगितलं होतं ना काळं होईल म्हणून.”

“कधी सांगितलंस?”

“तुम्ही फोनवर होतात.”

“म्हणजे आता माझीच चूक!”

“अहो, सील तुमच्यासमोर फोडलं मी.”

“सीलचं काय घेऊन बसलास, हल्ली तीही बनवून मिळतात. बहीण दिली म्हणजे गाडीची वाट लावायचा परवाना मिळाला नाही तुला!”

गॅरेजात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी ऐकलं. मेहुण्यानं बराच वेळ हात पुसले, आधीच पुसलेले हात. मग विचारलं, “काढून टाकू?”

“आत्ताच्या आत्ता.”

त्यानं गाडीखाली जाऊन बूच काढलं. इतकं चांगलं तेल, पाच दिवसांचं, भांड्यात पडत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. मला तेव्हा ह्या मालकाचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

बुटक्याच्या ओळखीच्या दुकानातून ड्रममधलं सुटं तेल आलं. ते कुठल्या इंजिनाचं होतं ते त्या ड्रमलाच ठाऊक. ते महिनाभर मधासारखं पिवळं राहिलं. राहणारच! ज्याला काही उचलायचंच नाही त्याचे कपडे कशाला मळतील? काजळी तेलात न येता इंजिनाच्या अंगाला चिकटत होती, तळाशी बसत होती. मी तिच्यात उभी होते. मालक मात्र रोज पिवळा रुमाल घेऊन स्टँडभर फिरायचा. “बघा! आणि माझा मेहुणा म्हणतो, काळं होतं ते चांगलं!” सगळे हसायचे.

अशी हसतहसत पसरवलेली गोष्ट माणसाला खाऊन टाकते. मेहुण्याच्या गॅरेजात आधी स्टँडवरच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, मग त्यांच्या ओळखीपाळखीच्या. आठ महिन्यांत शटर खाली आलं. भिंतीवरचे पाने एकेक करून विकले गेले. मागे राहिल्या त्या नुसत्या आकृत्या.

दूरच्या कारखान्यात नोकरीला जायच्या आदल्या दिवशी तो बहिणीला भेटायला आला. गाडी दारातच उभी होती, म्हणून मला ऐकू आलं. मालक आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. दारात उभं राहून मेहुणा म्हणाला, “ताई, मी तसं काही केलं नाही गं.”

आतून नवरा ऐकत होता. ती नुसती “सांभाळून जा” म्हणाली. तो गेल्यावर बाई तिथेच उंबऱ्यावर बसून राहिली. त्यानंतर रुमाल धुताना ती इतका घासायची की त्याला भोकं पडायची.

पुढे दहा महिने गेले. इंजिनाच्या तळाशी एक नळी असते, तेल वर ओढून घेणारी. तिच्या तोंडाला जाळी असते. ती त्या काळ्या चिखलानं बुजत आली. एका सकाळी समोर तेलाचा लाल दिवा लागला. मालकानं गाडी थांबवली, मला काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खुणा पाहिल्या. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. मी खरं तेच सांगितलं. तेल होतं, पण वर जात नव्हतं, आणि तेवढं सांगायला माझ्यावर खूण नाही.

“भरलेलं तर आहे! दिवाच बिघडलाय,” असं म्हणून त्यानं चावी फिरवली. मागे चाळीस खोकी आणि पुढे पुलाचा चढ. आधी खडखड झाली, मग आतून कुणी किंचाळावं तसा आवाज आला, मग काहीच नाही. इंजिन जागच्या जागी जाम झालं.

मालकानं मला उपसून पुन्हा पाहिलं. तेल वरच्याच खुणेपाशी. “खोटारडी साली!” म्हणाला आणि मला मडगार्डवर आपटलं. तेव्हापासून मी मधोमध वाकलेली आहे.

गाडी ओढून एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. गाडीचे कागद घेऊन यायला मालकानं बायकोला फोन केला होता, त्यामुळे तीही तिथे होती. मिस्त्रीनं इंजिनाचा तळ उघडला, बोटानं डांबरासारखा गोळा काढला आणि कागदावर थापला.

“ह्यात कधी चांगलं तेल घातलं होतं का?”

“एकदा,” मालक म्हणाला. “पाच दिवसांत काळं झालं. काढून टाकलं.”

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “अरे बाबा, काळं झालं म्हणजे धूत होतं ते. धुणारीचे हात मळतात म्हणून तिला कुणी घराबाहेर काढतं का? ते राहू दिलं असतंस तर हे इंजिन अजून दहा वर्षं चाललं असतं. ज्यानं घातलं त्याला कळत होतं. कोण मिस्त्री होता?”

मालक कागद चाळू लागला. उत्तर बायकोनं दिलं. “माझा भाऊ.”

मिस्त्री मला भंगारात टाकणार होता, तिनं मला मागून घेतलं आणि पिशवीत ठेवलं. परतताना दोघं स्टँडवरून गेली. बुटक्यानं लांबूनच विचारलं, “काय झालं रुमालशेठ?”

मला वाटलं, आता हा सांगेल. दोन शब्दांचं काम होतं. चूक माझी.

“काय होणार?” मालक म्हणाला. “तेव्हा मेहुण्यानं जे तेल घातलं होतं ना, त्यानं आतून खाल्लं.”

बाई थांबली. तिनं नवऱ्याच्या खिशातून रुमाल ओढला, मला पिशवीतून काढलं आणि सगळ्यांसमोर पुसलं. रुमाल डांबरासारखा काळा झाला. “हे बघा तुमचं पिवळं तेल,” म्हणाली. “माझ्या भावाचं तेल पाच दिवस होतं. हे दीड वर्षाचं आहे. ह्यांना आत्ता मिस्त्रीनं सांगितलं, माझ्यासमोर. आणि मीही दोषी आहे, मी तेव्हा दारात गप्प राहिले.” एकही मान हलली नाही. बुटक्याला एकाएकी कुणाचा तरी फोन आला.

घरी आल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, “त्याला फोन तुम्ही करायचा. मी नाही करणार.”

आता मी इथेच असते. गाडी भंगारात गेली. मालक दुसऱ्याच्या पिकअपवर पगारी ड्रायव्हर आहे. ती गाडीही डिझेलची, तिचंही तेल काळं, आणि तो ते निमूट बघतो. मेहुण्याच्या गॅरेजच्या जागी चपलांचं दुकान झालंय म्हणतात. भिंतीला रंग दिला असणार.

तुम्हा माणसांना माझं एकच सांगणं आहे. डाग दिसला की स्टँडवर जाऊ नका. ज्याचा हात त्या कामाला लागलाय त्याच्याकडे जा, फोन खिशात ठेवा, आणि का म्हणून विचारा. आणि चूक कळल्यावर ती जिथे पसरवली तिथेच जाऊन उचला. मला बाकी काही मागायचं नाही.

गेल्या रविवारी सकाळी मालक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बायको कणीक मळत होती. त्यानं फोन काढला, नंबर लावला. पलीकडून आवाज आला, तोच जुना, थोडा दमलेला. “बोला दाजी.”

अजून दाजी म्हणाला तो! मालकानं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

“जेवलास का?”

“नाही अजून. कामावर निघालोय. बोला ना.”

“थांब हं, ताईशी बोल,” म्हणत त्यानं फोन तिच्यापुढे धरला.

“माझे हात भरलेत,” ती मान वर न करता म्हणाली. “तुम्हीच बोला.”

फोनमधून आवाज येत राहिला. “हॅलो? दाजी? हॅलो?”

मालकानं अंगठ्यानं फोन बंद केला.

“रेंज गेली,” म्हणाला.

मी त्याच्या डोळ्यांसमोरच लटकत होते, फोनही मला दिसत होता. मोजायचं काम मी आयुष्यभर केलंय. रेंज वरच्या खुणेपर्यंत भरलेली होती.