ऐकायचा बार

मास्तरांचा जन्म बोलण्यात गेला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्या माणसाला गप्प बसून चालत नाही, हे कबूल. पण आरसा बघ, ब्रेक दाब, घाई कशाला, ही टकळी घरीसुद्धा चालूच राहिली तर बायकोनं करायचं काय? त्यांच्या बायकोनं बरीच वर्षं कळ काढली आणि गेल्या हिवाळ्यात बॅग भरून ती भावाकडे राहायला गेली. भांडली नाही, रडली नाही. ‘‘तू ऐकत नाहीस,’’ एवढंच म्हणाली.

आता आला का घोळ! मास्तरांना वाटलं, ऐकत नाही म्हणजे आपण तिचं सांगणं मानत नाही. त्यांनी सिगारेट सोडली, मिशी उतरवली, गळका नळ बदलला, तिनं कधीकाळी सांगितलेलं एकूण एक काम केलं. ते बघायला घरात कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. मालकांनी तिला दुसऱ्या शहरातली नवी शाखा देऊ केली होती, आणि हो की नाही ते उद्या सकाळी सांगायचं होतं. ‘‘त्याआधी एकदा भेटू,’’ असं तिनंच फोन करून सांगितलं, तेव्हा मास्तरांच्या जिवात जीव आला. भेटायचं कुठे? त्यांच्याकडे गाडी शिकणारी एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, तो ऐकायचा बार निघालाय ना नवीन, तिथं न्या त्यांना. तिथं सगळे फक्त ऐकतात.’’ मास्तरांना वाटलं, देवच पावला.

बार तळघरात होता. जिना उतरून गेलं की समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, भिंतभर रेकॉर्डी, आणि समोरच्याचा चेहरा तेवढा दिसेल इतकाच उजेड. ग्लासात दोन बोटं वाईन ओतून वेटर दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही हं. बाजू पालटताना काय ते बोला.’’

मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं. आठवडाभर गाडीत एकट्यानं घोकलेलं भाषण घशात अडकलं. बायको खुदकन हसली. कितीतरी महिन्यांनी ते हसणं कानावर आलं आणि मास्तरांना भरून आलं.

पियानो सुरू झाला. तिनं डोळे मिटले. बोलायची चोरी, म्हणून मास्तर तिच्याकडे बघत बसले. कानामागचे केस पांढरे झाले होते, ते त्यांनी आज पाहिलं. तिला पियानो आवडतो हेही आजच कळलं, कारण गाडीतला रेडिओ ते नेहमी आपलं बोलणं ऐकू यावं म्हणून बंद करत. मध्येच तिचा हात टेबलावरून सरकला आणि त्यांच्या मनगटावर येऊन थांबला. मास्तरांनी मनगट जरासुद्धा हलू दिलं नाही.

बाजू संपली. सगळीकडे कुजबुज सुरू झाली. डोळे न उघडताच ती हळूच म्हणाली, ‘‘परत येऊ का?’’

‘‘छे!’’ मास्तरांचं तोंड एकदाचं सुटलं होतं. ‘‘परत कशाला? बोलायची सोय नाही, वाईन आंबट, खुर्ची टोचतेय. एकदा आलो तेवढं पुरे.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. हात काढून तिनं ग्लास उचलला.

‘‘आता तू माझं ऐक,’’ म्हणून मास्तरांनी भाषणाला हात घातला. चुका दोघांच्याही झाल्या, इथवर ते पोचले, तेवढ्यात दुसरी बाजू लागली.

आणि मग, गप्प बसल्यावर, त्यांना तिचं वाक्य ऐकू आलं. परत येऊ का. येऊ म्हणजे कोण? आपण दोघं, की ती एकटी? इथं, की घरी?

‘‘अगं...’’ ते पुढे झुकले. शेजारच्या टेबलावरून ‘शूऽऽ’ आलं. तिनंही ओठांवर बोट ठेवलं. ओरडून सांगायला हवं होतं, ये म्हणून. अख्खा बार उठून अंगावर आला असता तरी काय बिघडणार होतं? पण जन्मभर बोललेला हा माणूस नेमका तेव्हा शहाण्यासारखा गप्प बसला. तिनं आता डोळे मिटले नव्हते.

रेकॉर्ड थांबली तेव्हा ती कोट चढवत होती.

‘‘मघाशी तू विचारलंस ना... परत यायचं...’’

‘‘ते होय? बारबद्दल म्हणत होते रे.’’ गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय हे सांगताना ती असाच मऊ आवाज लावायची. ‘‘तुझं बरोबर आहे. एकदा आलो तेवढं पुरे.’’

‘‘घरी सोडू?’’

‘‘नको. दादा येतोय न्यायला.’’

ती जिना चढून गेली. वेटरनं नवी रेकॉर्ड लावली. मास्तरांना हुंदका आला, तो त्यांनी रुमालात दाबला, कारण लोक ऐकत होते.