जाळी मागायला गेलेला दात

मी तांबुआ. देवमाशाचा दात. आमच्या फिजीच्या बेटांवर मला सोन्याहून जास्त मान. खोबरेल चोळून चोळून पिवळा झालोय आणि गळ्यात काथ्याची दोरी आहे. ज्याच्या जबड्यात मी उगवलो, तो देवमासा भाल्यांनी मारलेला होता. एवढंच आठवतं. जास्त आठवावंसं वाटत नाही.

माझी रीत साधी आहे. मला पुढे करून मागणं मागायचं. समोरच्यानं मला घेतलं, की ते द्यायचं. नंतर जमत नसेल, तर मला परत नेऊन द्यायचं. तशी नामुष्की कुणाला नको असते.

कितीतरी वर्षं मी म्हाताऱ्या इसिकेलीच्या घरी होतो. गेल्या साली समोरच्या बेटाच्या जाळ्यांत देवमाशाचं पिल्लू अडकून मेलं. त्याची आई तीन दिवस तिथंच घिरट्या घालत होती. इसिकेली तीन दिवस किनाऱ्यावर बसून होता. यंदा देवमासे यायची वेळ झाली, तेव्हा तो मला घेऊन त्या बेटाच्या सरदाराकडे, विलिकेसाकडे गेला.

इसिकेलीचा धाकटा मुलगा विलिकेसाच्या लेकीवर भाळलाय, अशी गावात कुजबुज होती. इसिकेलीनं घसा खाकरला मात्र, विलिकेसा हसला.

"अरे, पोरगी मागायला एवढं खाकरतोस कशाला?" म्हणत त्यानं मला घेतलंसुद्धा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पोरगी नाही रे दादा," इसिकेली हळूच म्हणाला. "जाळी मागतोय. देवमासे परत जाईपर्यंत खाडीच्या तोंडावरची जाळी काढ."

विलिकेसाची बायको सेरुवाया पदर तोंडाला लावावा तशी चटई तोंडाशी धरून हसली. "घ्या! जावयाच्या घाईत जाळी गेली!"

"फसवलंस मला!"

"मी बोलायच्या आधी हात कुणी पुढे केला?"

जाळी निघाली. माणसांना मासळीसाठी लांब, खोल पाण्यात जावं लागू लागलं. ती परतताना टोमणे मारत, "काय सरदार, आज पण नुसते कसाव्याचे कंदच का?" विलिकेसा रोज सकाळी मला खुंटीवरून काढी, परत न्यायला चटईत गुंडाळी आणि मग सोडून पुन्हा खुंटीला लावी. मला एक क्षण चैन नव्हती. आज परत गेलो तर उद्या जाळी पाण्यात.

मग एका सकाळी एक देवमाशाची आई आपल्या पिल्लाला घेऊन खाडीच्या तोंडावरून सुखरूप गेली. विलिकेसा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बघत होता. ती पुढच्या बेटाकडे वळली. तिथली जाळी तशीच होती.

त्यानं मला गुंडाळलं आणि होडीत बसला. संपलं, मी म्हटलं. आता इसिकेलीकडे. पण होडी इसिकेलीच्या बेटाला पाठ करून निघाली.

आत्ता मी पुढच्या बेटावरच्या सरदारांच्या, तेवितांच्या ओसरीत आहे. विलिकेसाच्या पसरलेल्या तळव्यांवर.

"आधी नीट ऐकून घ्या," तो म्हणतोय. "आमची जाळी काढलीय. तुमचीही काढा."

तेविता हाताची घडी घालून बसलेत. मागची माणसं कुरकुरतायत. बाहेर, अगदी जवळ, दोन फुंकार ऐकू येतात, एक मोठा आणि एक लहान.

सरदार, हात पुढे करा. त्या आईला एका गावाचं पाणी पुरत नाही.